दिवा तिसऱ्या वर्षीही लागला पाहिजे

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे या मंचावर पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आमच्या वाट्याला आलेला विषय दिसायला लहान आहे. घरातला दिवा. पण हा विषय कापसापासून फार लांब नाही, हे आधी सांगून टाकतो.

वेचणी झाली की कापूस घरात येतो. भाव नसला की तो घरातच राहतो. पुढची खोली भरते, मग मधली भरते, पार आढ्याला टेकतो. माणसे ओसरीवर झोपतात आणि लक्ष्मी आत झोपते. त्याच घरात एके काळी रॉकेलची चिमणी जळत असे. लेकरू चिमणीपाशी अभ्यासाला बसले की मायचा अर्धा जीव भाकरीत आणि अर्धा त्या वातीत. एक ठिणगी आणि वर्षाची कमाई राख. इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी ज्यांनी अशी आग पाहिली नाही, त्यांनी हात वर करावा. फार हात वर होणार नाहीत.

आता चिमणी गेली. बरे झाले. घराघरात मीटर आले. तरी आमच्या शेतवस्तीवर संध्याकाळी लाईट जाते तेव्हा सुनबाई मोबाईलचा टॉर्च दातात धरून भाकरी थापते. चिमणी गेली, अंधार राहिला. तो का राहिला आणि सोलर नावाचे जे नवे औषध गावोगाव विकले जात आहे ते लागू पडते का, एवढेच आज बोलायचे आहे.

खांब मोजला, घर मोजले, तास मोजलेच नाहीत

"गावात वीज आली" या तीन शब्दांचा सरकारी अर्थ काय, हे आपण कधी विचारले नाही. १९९७ पर्यंत अर्थ असा होता की, गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गाव उजळले. म्हणजे शिवारात एका बागायतदाराच्या विहिरीवर मोटार बसली आणि गावठाणात सगळा काळोख असला, तरी कागदावर गावात दिवाळी. १९९७ साली अर्थ बदलला. वीज वस्तीच्या हद्दीत वापरली गेली पाहिजे असे ठरले. २००४ साली पुन्हा बदलला. वस्तीत डीपी आणि तारा पाहिजेत, शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज पाहिजे आणि शंभरातल्या किमान दहा घरांत वीज पाहिजे. दहा घरांत दिवा लागला की उरलेली नव्वद घरेही उजळली, असा हा हिशेब.

या हिशेबाने २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांग या गावी वीज पोचली आणि देशातले शेवटचे गाव उजळले, असे जाहीर झाले. खांबांची मोजणी संपली. घरांची मोजणी त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये 'सौभाग्य' योजनेने सुरू झाली होती. गरिबाला जोडणी फुकट आणि बाकीच्यांना पाचशे रुपयांत, तेही पन्नास-पन्नासच्या दहा हप्त्यांत. मार्च २०२२ मध्ये योजना संपली तोवर २ कोटी ८० लाखांहून जास्त घरांत जोडणी गेली. हे काम मोठे झाले. झालेल्या कामाला आम्ही नावे ठेवणार नाही.

पण बघा, आधी खांब मोजला, मग घर मोजले. तो दिवा संध्याकाळी सहा ते दहा लागतो का, हे त्या व्याख्येत कधी आलेच नाही. आपल्याला मीटर नको होते, उजेड पाहिजे होता. बैलाच्या गळ्यातली घंटा मोजायची आणि बैल आहे की नाही ते बघायचे नाही, अशातला हा प्रकार.

आपल्या राज्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यांनी दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. त्यानंतर गावठाणाचा फीडर आणि शेतीपंपांचा फीडर वेगळा करण्याचे काम झाले. जो गावठाणात राहतो त्याची स्थिती त्यामुळे सुधारली. पण कोरडवाहू मुलखातला शेतकरी सगळाच गावठाणात राहत नाही. गुरे-ढोरे, कडबा, राखण यांच्यापायी तो शेतात राहायला गेला. त्याचे घर पंपाच्या तारेवर. पंपाची पाळी आली की घराला उजेड, पाळी गेली की अंधार. आता पंपाला दिवसा सौर वीज द्यायची योजना पुढे सरकते आहे. दिवसा वीज द्या ही तर आपलीच मागणी. रात्री बारा वाजता साप-विंचवाच्या वाटेने पाणी धरायला कोण जातो, ते आपल्याला माहीत आहे. पण त्या तारेवर जे घर आहे, त्या घराला रात्री काय? हा प्रश्न आपल्याशिवाय कोणी विचारणार नाही.

बांगलादेशात काय झाले

घरच्या सोलरची खरी परीक्षा जगात कुठे झाली असेल तर ती आपल्या शेजारी, बांगलादेशात. ती गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. वर कशी गेली तेही आणि खाली कशी आली तेही.

तो नद्यांचा मुलूख. पुरात बेटे तयार होतात, पुरात वाहून जातात. तार ओढायची कुठे? १९९६ साली तिथे ग्रामीण शक्ती नावाची संस्था निघाली. २००३ मध्ये सरकारच्या मालकीच्या एका वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने घरगुती सोलरचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. २००८ पर्यंत पन्नास हजार घरे, असे ठरले होते. ती संख्या २००५ मध्येच, तीन वर्षे आधी, पार झाली. पुढे तर एका महिन्यात साठ हजारांहून जास्त संच बसण्यापर्यंत मजल गेली. शेवटी बेरीज झाली ४० लाखांहून जास्त घरांची, म्हणजे सुमारे दोन कोटी माणसांची. ती माणसे आपल्यासारखीच. कोणी भात पिकवणारा, कोणी मासे धरणारा, कोणी बाजारात टपरी टाकणारा.

गरीब माणसाने हे घेतले कसे? फुकट नाही घेतले. किमतीचा दहावा-सातवा हिस्सा आधी द्यायचा, बाकीचे दोन-तीन वर्षांत हप्त्याने. सुरुवातीला एका संचामागे ९० डॉलरची मदत होती, ती पायरीपायरीने कमी करत नेली. मोठ्या संचांवरची तर बंदच केली. प्लेट वीस वर्षे, बॅटरी पाच वर्षे चालेल, अशी हमी विकणाऱ्याने लिहून द्यायची. माल कसा असावा ते ठरवायला वेगळी समिती. तिच्या कसोटीत न उतरणाऱ्या मालाला कर्ज नाही.

यातली गोम कुठे आहे सांगतो. हप्ता गोळा करायला दर महिन्याला जो माणूस दारात येई, तोच दुरुस्ती जाणणारा असे. दिवा लागत नसेल तर बाई त्याला म्हणे, आधी दिवा लाव, मग पैसे ने. झाले! त्याला दिवा लावावाच लागे. हप्ता म्हणजे त्या बाईच्या हातातली वेसण होती. जोवर वेसण हातात, तोवर बैल रांगेत चालणार. आम्हाला बांगलादेशाकडून प्लेट शिकायची नाही, बॅटरी शिकायची नाही. ही वेसण शिकायची आहे.

मग हे कोसळले कसे? दोन कारणांनी. पहिले कारण चांगले होते. सरकारने ठरवल्यापेक्षा भराभर तारा ओढल्या. मार्च २०२२ मध्ये तर सगळ्या देशात वीज पोचली, असे जाहीर केले. तार दारात आली की चार दिव्यांच्या संचाचा हप्ता कोण भरतो? दुसरे कारण वाईट. गरिबांच्या मदत योजनांचा पैसा वळवून सरकारनेच सोलर संच फुकट वाटायला घेतले. एका घरात तीन वर्षे पोटाला चिमटा काढून हप्ते भरणारा आणि शेजारच्या घरात तोच संच फुकट. शहाणा कोण ठरला आणि मूर्ख कोण? कर्जमाफीच्या वेळी नियमित फेड करणाऱ्याला काय वाटले होते ते आठवा, म्हणजे हे समजेल. हप्ते थांबले. हप्ते थांबले म्हणून दारात येणारा माणूस थांबला. माणूस थांबला म्हणून दुरुस्ती थांबली. विकणाऱ्या संस्था कर्जात बुडाल्या.

फुकट वाटणाऱ्याच्या मनात खोट होती असे आम्ही म्हणत नाही. फुकट देताना त्याने गरिबाच्या हातातली वेसण काढून घेतली, एवढेच म्हणतो.

आपल्याकडे याचा अनुभव घ्यायला बांगलादेशापर्यंत जायला नको. आमच्या गावात पंचायतीमार्फत सोलरचे पथदिवे लागले. उद्घाटन झाले, फोटो निघाले, ठेकेदाराला पैसे एकरकमी मिळाले. पहिले वर्ष लख्ख उजेड. दुसऱ्या वर्षी पिवळा. तिसऱ्या वर्षी खांबावर कावळे बसू लागले आणि खालची बॅटरीची पेटी कोणी काढून नेली. ठेकेदाराला फोन केला तर तो लागत नाही. कशाला लागेल? त्याचे आपल्याकडे काही येणे राहिलेच नव्हते.

नकली बिजली

दुसरी गोष्ट बिहारची. जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावी तीस वर्षे वीज नव्हती. २०१४ साली एका नामांकित पर्यावरण संस्थेने तिथे १०० किलोवॅटचे सौर केंद्र उभारले. नेते आले, देशभर नाव झाले. आणि गावकऱ्यांनी काय मागितले? असली बिजली द्या, ही नकली नको. का? दिवे लागत होते, पण फ्रिज लावू नका, शेगडी लावू नका, वीज जपून वापरा, असा दंडक होता आणि तारेच्या विजेपेक्षा दर जास्त. पुढे तारेची वीज आली आणि ते केंद्र काही वर्षांत बंद पडून ओस झाले.

शहरात बसून यावर हसणारे पुष्कळ भेटतील. आम्हाला त्या गावकऱ्यांचे चुकले असे वाटत नाही. शहराला फ्रिज, कूलर, मिक्सर आणि खेड्याला चार दिवे. वर आभारही मानायचे? सोलर हा तारेचा सोबती आहे. तार न देण्याचा बहाणा म्हणून तो कोणी पुढे करत असेल, तर आपण तो घेता कामा नये.

घरचा हिशेब

आता आपल्या घराचा हिशेब मांडू. वस्तीवरच्या घराला काय लागते? ९ वॅटचे चार दिवे पाच तास: १८० वॅट-तास. बॅटरीवर चालणारा ३० वॅटचा एक पंखा आठ तास: २४०. बेरीज ४२०. म्हणजे मीटरवरचे अर्धे युनिटही नाही. बॅटरीत भरताना-काढताना जे वाया जाते ते धरले, तरी आपल्या उन्हात १५० वॅटची एक प्लेट एवढे काम करते. प्लेटचे तोंड दक्षिणेला, उतार वीस अंशांच्या आसपास, आणि धूळ बसली की सकाळी गार असताना पाण्याने धुवायची. प्लेट वीस-पंचवीस वर्षे टिकते. प्लेट कधी दगा देत नाही.

दगा देते ती बॅटरी. बॅटरी म्हणजे ज्वारीची कणगी. दिवसा ऊन भरायचे, रात्री काढायचे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास मावतात. पण जुन्या पद्धतीची, आम्लाच्या पाण्याची बॅटरी निम्म्याच्या खाली उपसली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताला लागतात ६००. घराला दीड दिवस पुरतील एवढे. श्रावणात तीन दिवस झड लागली की दिवे कमी लावायचे, पंखा बंद ठेवायचा, हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. अशी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. नवी लिथियमची बॅटरी जास्त उपसता येते, जास्त वर्षे टिकते, पण महाग. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन आपल्या अंगणात फोडू देऊ नका. तिच्यातले शिसे लेकराच्या अंगात गेले तर त्याच्या मेंदूवर परिणाम होतो. नवी घेताना जुनी दुकानदाराने परत घेतलीच पाहिजे.

म्हणजे सोलरचा खरा खर्च पहिल्या दिवशी नसतो, तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो. सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचे संच मिळाले: पाच दिवे, एक पंखा, मोबाईलसाठी एक प्लग आणि पाच वर्षे दुरुस्ती. पाच वर्षे कधीच सरली. सहाव्या वर्षीची बॅटरी कोणाच्या खिशातून, याचे उत्तर कागदावर नाही.

ज्यांच्या घरी मीटर आहे, त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२४ पासून 'सूर्यघर' योजना आहे. छतावर एक किलोवॅट बसवले तर ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळे छत लागते आणि त्यातून दिवसाला चारेक युनिट निघतात. बिल खाली येते हे खरे. पण विकणारा एक गोष्ट सहसा सांगत नाही. ही योजना तारेला जोडलेली असते. तारेची लाईट गेली की छतावर लख्ख ऊन असले तरी हा संचही बंद पडतो. तो मुद्दाम तसा केलेला असतो. नाही तर तारेवर काम करणारा वायरमन आपल्या छतावरच्या विजेने मरायचा. लाईट गेल्यावरही उजेड पाहिजे असेल तर बॅटरी असलेला संच मागावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. बिल कमी करायचे आहे की अंधार घालवायचा आहे, हे आधी घरात ठरवा, मग सही करा. आणि धाब्याच्या किंवा पत्र्याच्या घरावर तो सांगाडा पेलेल का, वाऱ्यात टिकेल का, हेही आधी बघून घ्या.

हप्ता पिकाच्या हिशेबाने

कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ पासून गरिबांना सोलर विकायचे काम केले; २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर माल विकणाऱ्या एका बाईने त्यांना शिकवले की महिन्याला तीनशे रुपये फार झाले, दिवसाला दहा रुपये मात्र परवडतील. रक्कम तीच. पण तिचा पैसा रोज येतो आणि रोज जातो, महिन्याअखेर काही उरत नाही.

आपले उलटे आहे. आपल्याकडे रोज पैसा नाही, महिन्यालाही नाही. कापूस विकला की पैसा येतो, तो पेरणीपर्यंत पुरवायचा. जुलैमध्ये हप्ता मागणारा माणूस आपल्याकडे बियाण्या-खताचे पैसे मागत असतो. म्हणून दिव्याचे कर्ज द्यायचे असेल तर हप्ता डिसेंबर ते मार्चमध्ये घ्या, वर्षातून दोनदा घ्या आणि पीक बुडाले तर पुढे ढकला. बँकेला हे अवघड नाही. पीककर्जाची परतफेड ती पिकाच्या हंगामानेच मागते.

तर भावांनो आणि मायबहिणींनो, या मेळाव्यापुढे चार गोष्टी ठेवतो. पटल्या तर हात वर करून ठराव करा.

एक. वीजपुरवठ्याची मोजणी तासांत व्हावी. संध्याकाळी सहा ते दहा या चार तासांत किती वेळ लाईट होती, हे गावाने स्वतः वहीत लिहावे. एक महिना, रोज. वही बायांच्या हाती द्यावी, कारण त्या वेळी चुलीपाशी त्याच असतात.

दोन. पंपाच्या फीडरवर राहणाऱ्या घरांची यादी गावागावात करावी आणि त्यांना रात्री वीज कशी मिळणार, याचे लेखी उत्तर वीज कंपनीकडे मागावे.

तीन. घरगुती सोलर अनुदानाचा असो की पदरच्या पैशाचा, ठेकेदाराला सगळी रक्कम एकदम देऊ नये. काही हिस्सा पाच वर्षांत वाटून, दिवा लागत राहील तसतसा द्यावा. सरकारी अनुदानालाही हाच नियम लावा.

चार. प्रत्येक मोठ्या गावात दोन मुलांना आणि दोन मुलींना ही दुरुस्ती शिकवावी. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात अक्षर न ओळखणाऱ्या आज्या सोलरचे दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या. आपल्या दहावी झालेल्या पोरींना ते जड नाही.

पुढच्या मेळाव्याला येताना त्या वह्या घेऊन या. सरकारचे आकडे सरकारपाशी आहेत. आपले आकडे आपल्यापाशी असले, तर समोरासमोर बसून बोलता येईल. आणि दारात सोलर विकायला कोणी आला, तर त्याला किंमत नंतर विचारा. आधी एवढेच विचारा की, दादा, तिसऱ्या वर्षी दिवा लागला नाही तर मी कोणाचा हप्ता अडवायचा? त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.